न दिसलेली बदके : शिशाचे छर्रे आणि शंभर वर्षांचा उशीर



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने बदकांवर व्याख्यान द्यावे, याचे आयोजकांनाही थोडे नवल वाटले. पण आम्ही चाळीस वर्षे ज्या प्रश्नाभोवती फिरलो, तो प्रश्न या बदकांच्या गोष्टीत जितका उघडा पडतो तितका आमच्या पोथ्यांतही पडत नाही. एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असे कधी म्हणायचे? आणि माहीत झाल्यावर ती गोष्ट पटायला मध्ये इतकी वर्षे का जातात? आजची हकीकत मुख्यतः अमेरिकेतली आहे. शेवटी थोडे इंग्लंड, आणि वेळ उरला तर आपल्याकडचे भरतपूर.

आधी दोन साध्या वस्तू नीट समजून घेऊ. पहिली, पोटा. कोंबडीवाल्याकडे पोटा-कलेजी मागतो ना आपण, त्यातला पोटा. शास्त्राच्या पुस्तकात त्याला पेषणी म्हणतात. पक्ष्याला दात नाहीत. म्हणून तो बारीक खडे, वाळू गिळतो, आणि पोट्याचे जाड स्नायू त्या खड्यांवर दाणे भरडतात. आतल्या आत चालणारे जातेच ते. बदक पाणथळीच्या तळाशी चोच खुपसून दाणे आणि खडे एकाच घासात उचलते. दाणा कोणता आणि खडा कोणता, हे त्याला निवडावे लागत नाही. दोन्ही कामाचेच असतात.

दुसरी वस्तू म्हणजे छर्रा. पक्ष्यांच्या शिकारीच्या बंदुकीत एक गोळी नसते, काडतुसात शेकडो बारीक छर्रे असतात. ते शिशाचेच का? शिसे जड आहे, मऊ आहे, आणि ३२७ अंशांना वितळते, म्हणजे साध्या भट्टीवर. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली एक पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून सोडायचे. पडता पडता थेंब आपोआप गोल होतात आणि खाली पाण्यात पडून घट्ट होतात. त्यासाठी त्याने स्वतःच्या घरावरच मनोरा चढवला. पुढे असे छऱ्यांचे मनोरे युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी उभे राहिले आणि छर्रा स्वस्त झाला.

आता हिशेब करा. बाराबोअरच्या एका काडतुसात, छऱ्याच्या आकाराप्रमाणे, दीडशे ते अडीचशे छर्रे. उडत्या बदकाला त्यातले चार-पाच लागतात, आणि पुष्कळदा एकही लागत नाही. बाकीचे जातात कुठे? पाण्यात, तळाच्या चिखलावर. शिसे गंजून नाहीसे होत नाही. त्याच दलदलीवर शिकारी पिढ्यान् पिढ्या येतात, कारण बदके तिथेच उतरतात. आणि बदके तिथे खडे शोधतात.

पोट्यात गेलेला छर्रा खड्यांबरोबर घासला जातो, त्यावर जठराचे आम्ल पडते, आणि शिसे विरघळून रक्तात उतरते. रक्तातले हीम बनवायला लागणारे एक विकर शिसे बंद पाडते. मग रक्तक्षय होतो, नसा दुबळ्या होतात, आणि सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे पोट्याचे स्नायूच लुळे पडतात. जाते थांबते. गळ्याखाली अन्न गच्च भरलेले आणि बदक उपाशी मरते आहे. दोन-तीन आठवड्यांत छातीचे मांस झडून मधले हाड कुऱ्हाडीच्या धारेसारखे वर येते, पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे लोंबतात, विष्ठा हिरवी होते. त्याला उडता येत नाही, मग ते गवतात शिरते. 'गवतात शिरते' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळे त्यावर येणार आहे.

हे कळले केव्हा? फार लवकर कळले. जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या शिकारीच्याच साप्ताहिकाचे संपादक. १८९४ साली त्यांनी बदकांच्या शिसे-विषबाधेवर लिहिले. म्हणजे पहिली हाक शिकारविरोधकांची नव्हती. ती शिकाऱ्यांच्या घरातून आली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या भांडणात दोन्ही बाजू ते विसरल्या.

मग आले अलेक्झांडर वेटमोर. पुढे ते स्मिथसोनियनचे प्रमुख झाले. पण १९१५-१६ च्या सुमारास ते तरुण सरकारी जीवशास्त्रज्ञ होते आणि युटामधल्या बेअर नदीच्या दलदलीत बदके का मरतात हे शोधत होते. तिथे बदके हजारोंनी मरत होती, काठावर खच पडत होता. वेटमोरांनी निष्कर्ष काढला की पाण्यातल्या क्षारांमुळे. तो चुकला. १९३०च्या आसपास इतरांनी दाखवले की तो बोट्युलिझम, जिवाणूंच्या विषाचा रोग होता. पण त्याच कामात त्यांना काही वेगळी बदके सापडली, पोट्यात छर्रे असलेली. त्यांनी कोंडलेल्या बदकांना मोजून छर्रे चारले आणि काय होते ते पाहिले. पाच-सहा छर्रे गेले की बदक सहसा वाचत नसे, आणि कधी कधी एकच छर्राही पुरत असे. हे १९१९ साली अमेरिकी कृषी खात्याच्या पत्रिकेत छापून आले. गंमत बघा, डोळ्यांसमोर खच पडलेल्या मृत्यूचे कारण त्या हुशार माणसाने चुकीचे सांगितले, आणि जो मृत्यू जवळजवळ दिसत नव्हता त्याचे कारण अचूक सांगितले. प्रत्यक्ष नेहमी अनुमानापेक्षा बलवान असते असे आम्ही वर्गात शिकवत आलो. हे उदाहरण वाचल्यापासून ते वाक्य थोडे अडखळत म्हणतो.

तर १९१९ साली प्रयोगाने सिद्ध. आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर अमेरिकाभर बंदी आली १९९१च्या हंगामात. मध्ये बहात्तर वर्षे. बंदूकवाल्यांचा दबाव, कारखानदारांचा पैसा, हे सोपे उत्तर आहे आणि अर्धे खरेही आहे. उरलेले अर्धे आमच्या विषयातले आहे.

शिकाऱ्याचा युक्तिवाद साधा होता, आणि प्रामाणिकही होता. 'मी वीस वर्षे या दलदलीत येतो. विषाने मेलेली बदके कुठे आहेत? मला तर दिसली नाहीत.' आपल्या दर्शनांत यावर स्वतंत्र चर्चा आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धि' हे वेगळे प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे ज्ञान होते. पण त्यांनी एक अट घातली आहे, आणि ती अट हाच त्या चर्चेचा जीव आहे. ती अनुपलब्धि 'योग्य' हवी. म्हणजे घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. मग प्रश्न असा, की दलदलीतले मेलेले बदक, असते तर दिसले असते का?

हा प्रश्न कुणीतरी मोजून सोडवला, याचा आम्हाला फार आनंद झाला. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या एका दलदलीत संशोधकांनी मेलेली १०० बदके स्वतः ठेवली आणि मग माणसांना शोधायला लावले. १९८६ साली त्याचा अहवाल आला. शंभरांपैकी सापडली फक्त ६. मुद्दाम शोधणाऱ्यांना सहा! आणि ठेवलेली बदके कोल्हे, रॅकून, गिधाडे दोन-चार दिवसांत फस्त करतात. रोगाची साथ आली की एकदम हजारो मरतात आणि खाणारे कमी पडतात, म्हणून खच दिसतो. शिशाने रोज थोडी थोडी मरतात, गवतात शिरून मरतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पिसेही नसतात. वीस वर्षांच्या शिकाऱ्याला काही दिसले नाही हे खरेच होते. त्यावरून काही नव्हते, हे मात्र निघत नव्हते.

मग न दिसलेली बदके मोजायची कशी? इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण फ्रँक बेलरोज यांचे काम तेवढे सुंदर आहे. बेलरोज इलिनॉय राज्याच्या निसर्ग-सर्वेक्षण संस्थेत होते. १९३८ ते १९५३ या काळात मारलेल्या बदकांचे ३६ हजारांहून अधिक पोटे गोळा करून तपासले गेले. शंभरात सहा-सात पोट्यांत गिळलेला छर्रा निघाला. कुणी म्हणेल, झाले, सहा-सात टक्के. बेलरोज तिथे थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच्याच आकड्यावर दोन आक्षेप घेतले, आणि ते दोन उलट्या दिशांचे होते.

पहिला असा, की विषबाधा झालेले बदक मंद उडते, म्हणून ते शिकाऱ्याला सहज सापडते. म्हणजे शिकारीतून आलेल्या पोट्यांत आजाऱ्यांचे प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसणार. हे किती, ते कसे कळावे? त्यांनी रानबदके पकडली, त्यांना मोजून छर्रे दिले, पायात कडी घालून सोडून दिली, आणि तशाच कडीवाल्या निरोगी बदकांच्या तुलनेत कोणती लवकर मारली जातात ते पाहिले. दुसरा आक्षेप असा, की छर्रा पोट्यात सुमारे वीस दिवसच टिकतो, मग झिजतो किंवा बाहेर पडतो, नाहीतर बदकच मरते. म्हणजे एका दिवशीचा तपास हा एका क्षणाचा फोटो झाला. हंगामभरात छर्रा गिळणारी बदके त्याहून कितीतरी अधिक. एक आक्षेप आकडा खाली ओढतो, दुसरा वर. दोन्ही हिशेबात घेऊन १९५९ साली त्यांनी लिहिले की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी दोन ते तीन टक्के शिशाने मरत असावेत. पक्ष्यांच्या संख्येत मांडले तर सोळा ते चोवीस लाख.

पाडलेल्या एका बदकामागे सरासरी सुमारे १४०० छर्रे चिखलात जातात, असाही त्यांचा हिशेब होता.

आणि एवढे करून बेलरोज यांनी शेवटी काय लिहिले? की आज तरी हे नुकसान बंदी घालण्याइतके मोठे वाटत नाही, वाढलेच तर लोखंडी छर्रे हा उपाय हाताशी आहे. हे आम्हाला पहिल्यांदा वाचताना खटकले. लाखो पक्षी, आणि बंदी नको? नंतर वाटले, तो माणूस आपले काम आणि आपले मत यांत सरमिसळ करत नव्हता. दोन टक्के हा आकडा विज्ञानाचा. दोन टक्के पुष्कळ की थोडे, हे विज्ञान सांगत नाही. ते आपल्याला ठरवायचे असते, आणि पुढची तीस वर्षे भांडण त्याचेच चालले, भाषा मात्र विज्ञानाची होती.

आणखी एक गुंता होता. जॉर्डन आणि बेलरोज यांनी १९५१ पर्यंतच दाखवले होते की बदक काय खाते यावर बरेच अवलंबून आहे. मक्याचे दाणे खाणारे बदक एका छऱ्याने मरे, तर पाणवनस्पतींची पाने खाणारे तेवढ्याच छऱ्यातून निभावून जाई. यावर विरोधक म्हणत, मग दोष शिशाचा कसा, मक्याचा का नाही? आपल्याकडे यालाच सहकारी कारण म्हणतात. ओलाव्याशिवाय बी रुजत नाही, म्हणून अंकुराचे कारण बी नव्हे, असे कुणी म्हणेल का? पण सभांमधून हे चालून जाई. टाळ्याही मिळत असतील.

आता बदली धातूंकडे. कारण 'शिसे वाईट' एवढे म्हणून भागत नव्हते, त्याच्या जागी काय, हा प्रश्न होता. एक बुद्धिमान कल्पना १९३०च्या दशकात मिनेसोटात निघाली. शिशात मॅग्नेशियम मिसळा, म्हणजे छर्रा पाण्यात पडल्यावर आपोआप फुटून विरून जाईल. ऐकायला छान. प्रत्यक्षात बदकांना चारून पाहिले तर विष तसेच. छऱ्याचा आकार गेला तरी शिसे कुठे जाणार?

जस्त घ्या. डाळी-भाज्यांतून आपल्या पोटात जाते, औषधांत असते, त्यात काय विष? पण बदकाच्या पोट्यात जस्ताचा छर्रा शिशासारखाच विरघळतो आणि एकदम फार मोठी मात्रा रक्तात जाते. पाय लुळे पडतात, वजन उतरते, बदके मरतात. १९६०च्या दशकातल्या चाचण्यांत हे दिसले होते, आणि १९९०च्या दशकात इलिनॉयमध्ये पुन्हा तपासले गेले. लोखंडाचे तसे नव्हते. मऊ लोखंडाचे छर्रे, ज्यांना बाजारात 'स्टील' म्हणतात, पोट्यात झिजतात, गंजतात, आणि पक्ष्याला विषबाधा होत नाही. पुढे बिस्मथमध्ये थोडे कथील मिसळून केलेले छर्रे आले, टंगस्टनचे आले. त्यांनाही चारून, तपासून, पिलांवर आणि अंड्यांवर परिणाम पाहून मगच मान्यता मिळाली.

या 'मगच' शब्दापाशी क्षणभर थांबू. शिशाच्या बाबतीत सिद्ध करण्याचा भार बदकांच्या बाजूने बोलणाऱ्यांवर होता. विष आहे हे तुम्ही दाखवा, तोवर शिसे चालू. नव्या धातूंच्या बाबतीत अमेरिकी नियमाने हा भार उलटा फिरवला. निरुपद्रवी आहे हे बनवणाऱ्याने टप्प्याटप्प्याच्या चाचण्यांनी दाखवावे, तोवर परवानगी नाही. तो धातू निर्दोष आहे की नाही, हे अजून दोन्हीकडे अज्ञातच असते. तरी निकाल उलटा लागतो. आमच्या मते या शंभर वर्षांतला खरा बदल हा आहे, आणि वर्तमानपत्रांत त्याचा मथळा कधी झाला नाही.

शिकाऱ्यांचे आक्षेप मात्र सगळे पोकळ नव्हते, हे न्यायाने सांगायला हवे. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९ च्या आसपास. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो. तीच सवय, तेच अंतर ठेवून बार टाकला तर पक्षी मरण्याऐवजी जखमी होऊन निसटतो. लोखंड कठीण असल्यामुळे जुन्या बंदुकींच्या नळ्यांना धोका, हेही खरे होते. उपाय असा, की छर्रा दोन आकडे मोठा घ्यायचा आणि अंतर कमी करायचे. ते शिकावे लागले. बदलाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत जखमी होऊन हरवणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण वाढले, आणि मग उतरले.

राजकारण थोडक्यात सांगतो. १९७६ पासून काही भागांत लोखंडी छऱ्यांची सक्ती सुरू झाली. १९७८ साली अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांची दुरुस्ती आली. राज्याची संमती नसेल तर सक्तीच्या अंमलबजावणीवर केंद्राचा पैसा खर्च करायचा नाही. नियम कागदावर राहिला. कोंडी फोडली ती बदकांनी नव्हे, गरुडाने. पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल, अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावरचा पक्षी. जखमी आणि आजारी बदके तो सहज पकडतो, आणि त्यांच्याबरोबर छर्रेही गिळतो. गरुड मरू लागले आणि गरुडाला कायद्याचे संरक्षण होते. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने दावा लावला, १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने काही भागांत शिसे वापरून शिकार सुरू करायला अटकाव केला, आणि पुढच्याच वर्षी पाच वर्षांत देशभर शिसे बंद करण्याची योजना जाहीर झाली. लाखो बदकांनी जे झाले नाही ते मोजक्या गरुडांनी केले. आम्हाला याचे वाईट वाटते, हे लपवत नाही.

परिणाम झाला का? १९९६-९७ मध्ये मिसिसिपीच्या हवाईमार्गावरच्या बदकांचे पोटे पुन्हा तपासले. आता गिळलेल्या छऱ्यांत बहुतेक बिनविषारी होते. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अंदाज मांडला की त्या मार्गावरच्या मॅलार्ड बदकांतले शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले, आणि १९९७ च्या हंगामात सारी उत्तर अमेरिका धरून सुमारे १४ लाख बदके वाचली असावीत. ही वाचलेली बदकेही कुणाला 'दिसली' नाहीत, बरं का. तीही अनुमानानेच कळली.

इंग्लंडची गोष्ट याच्या शेजारी ठेवा. टेम्स नदीवरचे हंस गळाला लावायच्या शिशाच्या वजनांनी मरत होते, ती वजने १९८७ साली बंद झाली. हंस डोळ्यांसमोर मरतो, तिथे काम झाले. मग १९९९ साली पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी आली. कायदा झाला, पण बाजारात विकायला आलेली बदके तपासली तेव्हा २००१-०२ च्या हंगामात त्यांतली ६८ टक्के शिशानेच मारलेली निघाली. २०१३-१४ मध्ये पुन्हा तपासली, तर ७७ टक्के. वाढली! शिक्षा होत नव्हती, आणि 'दिसत नाही तर नाही' ही जुनी समजूत समुद्राच्या अलीकडेही तशीच होती. डेन्मार्कने १९९६ साली शिशाच्या छऱ्यांवर सरसकट बंदी घातली आणि तिथले शिकारी शिकार करतच राहिले. युरोपीय संघात पाणथळींपुरती बंदी लागू झाली १५ फेब्रुवारी २०२३ ला. ग्रिनेल यांच्या लेखानंतर १२९ वर्षांनी.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, आपल्याकडे काय? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारच बंद झाली, त्यामुळे छर्रा कोणता हा प्रश्न कायद्यापुढे आला नाही. चोरटी शिकार होते, ती वेगळी. पण आधीचे काय? भरतपूरच्या केवलादेवला दगडावर कोरलेली यादी आहे, कोणत्या तारखेला कोणते पाहुणे आले आणि किती पक्षी पडले याची. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३ पक्षी. बेलरोज यांचा १४०० चा हिशेब इथे तसाच लावणे बरोबर नाही. भरतपूरला थव्यांची दाटी होती, नेम चुकण्याचे प्रमाण कमी असणार. चौथाई धरा. तरी त्या एका दिवसाचे पंधरा लाख छर्रे होतात. त्या दगडावर पक्ष्यांचा रकाना आहे. छऱ्यांचा नाही.

दुसरी चिठ्ठी टंगस्टनच्या किमतीबद्दल आहे. महाग असतात ते छर्रे, शिशाच्या कितीतरी पट. म्हणून बहुतेक शिकारी लोखंडच वापरतात. अजून कुणाचा प्रश्न आहे का? नसेल तर इथे थांबू.